हिरनामूसा दिवसा झोपतो

कटियार साहेबांच्या टेबलावर मी चूहेदानी ठेवली तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि आतला उंदीर गाढ झोपला होता.

साहेबांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं, पेन्सिलीने जाळीवर टकटक केली. उंदराने एक डोळा उघडला, शेपटी अंगाभोवती ओढून घेतली आणि डोळा मिटला.

"बीमार है," साहेब म्हणाले.

"बीमार नाही साहेब. दिवसा झोपतो तो. तेच दाखवायला आणलाय."

"ते माझ्या टेबलावर?"

"फोटो चालणार नाही, फोटो कुठलाही असू शकतो, असं परवा तुम्हीच म्हणालात."

त्यांना ते आठवलं. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास चूहेदानीपासून लांब सरकवला. हे सगळं बोलणं हिंदीत झालं. झाशीत मराठी आमच्या घराच्या उंबऱ्यापाशी संपते. मी ते मराठीत लिहिते आहे. जिथे हिंदीवाचून चव जाईल तिथे हिंदी ठेवते.

मी एका लहानशा संस्थेत काम करते. पाणी, माती, चराई हे आमचे विषय. माझं काम परचे लिहिण्याचं. परचा म्हणजे पत्रक, एका पानाचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. मजकूर मी लिहायचा, माणिक चौकातल्या छापखान्यात उभं राहून छापून घ्यायचा, आणि गठ्ठा पाठीवर टाकून बसने टहरौलीकडच्या गावांत वाटायचा. तेव्हा हे करून तीन वर्षं झाली होती. ठळक अक्षरांत ओरडायची सवय लागली आहे, हे आधीच कबूल करते.

चूहेदानीपर्यंत गोष्ट कशी आली ते सांगते. टहरौलीच्या अलीकडे एक वस्ती आहे. तिथे रामकली काकी राहते. नवरा नाही, मुली सासरी गेलेल्या. अकरा बकऱ्या आणि भुईमुगाचं एक लहान खेत. खेतावर वर्षातले चार महिने निघतात, बाकीचे आठ बकऱ्यांवर. मे महिन्यातल्या एका शनिवारी तिने मला एक सरकारी कागद दाखवला. ती स्वतः वाचत नाही. म्हणाली, पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलाय, एक उखडून आणलाय, वाचून दे.

कागदावर लिहिलं होतं की परिसरात वाळवंटी उंदीर आला आहे. त्याच्या बंदोबस्तासाठी येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता गावाभोवतीच्या सर्व बांधांवर, बिळांच्या तोंडाशी, विषारी धान्य टाकलं जाईल. त्याआधी मंगळवारी आणि बुधवारी साधं धान्य टाकलं जाईल. गुरुवारी जनावरं बांधून ठेवावीत.

साधं धान्य का, तर उंदीर फार संशयी जनावर आहे. नवी वस्तू दिसली की लगेच खात नाही, आधी थोडी चाखून बघतो. म्हणून दोन दिवस बिनविषारी धान्य देऊन त्याला सवय लावतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी विष घातलेलं ठेवतात. कृषीवाल्यांची ही जुनी रीत आहे, तिच्यात काही खोट नाही. हे विष काळपट पूड असते. तेल लावलेल्या धान्याला ती चोळतात.

खोट दुसरीकडे होती. तोंडाशी टाकायचं, सकाळी सातला, उघड्यावर. आणि महिना मे.

मे महिन्यात आमच्याकडे अन्ना असतं. गहू-हरभरा उचलला की बुंदेलखंडात जनावरं मोकळी सोडतात. गाई, बैल, बकऱ्या, सगळी. कुणी बांधत नाही, कुणी राखत नाही. पहिला पाऊस पडून पेरणी होईपर्यंत सगळं रान सगळ्यांचं. हे किती बरोबर आणि किती चूक यावर माझा एक परचा आहे. पण मे महिन्यात गावाला "जनावरं बांधा" म्हणणं हे लग्नाच्या वरातीला "घरी जा" म्हणण्यासारखं आहे. बांधून घालायचं काय? चारा तर रानातच आहे.

सोमवारी मी कटियार साहेबांकडे गेले. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्यासमोर एक हँडबुक होतं, पश्चिमेकडच्या वाळूच्या मुलखात तयार झालेलं. त्यात वाळवंटी उंदराचं प्रकरण होतं आणि त्या प्रकरणात सकाळी सात लिहिलं होतं. म्हणून सकाळी सात. बकऱ्यांचं काय, असं मी विचारलं. बकऱ्यांसाठी सूचना दिलेली आहे, भिंतीवर लावलेली आहे, असं उत्तर आलं. मी म्हटलं, हा उंदीर तो उंदीर नाही. त्यावर ते म्हणाले, पुरावा आणा. फोटो नको.

त्याच संध्याकाळी मी बसने काकीकडे गेले.

बिळं बघायची एक साधी पद्धत आहे. संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवायची. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं, म्हणजे आत कुणीतरी राहतं. बाकीची ओसाड. मी आणि काकीने तिच्या खेताचा बांध तसा बुजवला आणि प्रत्येक तोंडासमोर चुलीतली राख पसरून हाताने सारवल्यासारखी सपाट केली. पीठ टाकतात, पण काकी पीठ द्यायला तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

मंगळवारी उजाडताना गेलो तर नऊ तोंडं उघडी होती आणि राखेवर बारीक पावलांची नक्षी. मागचे पाय लांब, उड्यांमध्ये चांगलं हातभर अंतर. काकीने ओळखलं. हिरनामूसा, म्हणाली. हरणासारखा उड्या मारतो म्हणून हे नाव. तिच्या आजीपासून याच बांधात राहतो.

आम्ही राख पुन्हा सपाट केली. सात वाजता कार्यालयाचे दोघे सायकलवर आले आणि बिळाबिळाशी मूठ-मूठ साधं धान्य ठेवून गेले. आम्ही बाभळीखाली बसून राहिलो.

नऊ वाजेपर्यंत एकही उंदीर बाहेर आला नाही. काही बिळांची तोंडं तर आतूनच बंद झालेली होती. आल्या त्या बकऱ्या. काकीच्या अकरा आणि शेजारच्या पाच-सात. पहिल्या बिळापाशी एकीला धान्य सापडलं, मग सगळ्या ओळीने बांधावरून निघाल्या, पंगतीला बसल्यासारख्या. दाणा न दाणा चाटून पुसून साफ. संध्याकाळपर्यंत राखेवर खुरांशिवाय दुसरा ठसा नव्हता.

बुधवारी सकाळी तर त्या साडेसहालाच येऊन उभ्या होत्या, सायकलवाल्यांची वाट बघत.

 सवय लावायची होती उंदरांना, लागली बकऱ्यांना. गुरुवारी सकाळी सात वाजता त्या वेळेवर हजर राहणार होत्या.

मी काकीला म्हटलं, उद्या एक दिवस बांधून ठेव.

"बांध लैहौं," काकी म्हणाली. "औ गाँव भर की? तुम बाँधहौ?" गावभरच्या बकऱ्या मी कुठे बांधणार होते!

मंगळवारी संध्याकाळी आम्ही बांधावर चूहेदानी लावली होती. बडा बाजारातून घेतलेली साधी तारेची, आत तेल लावलेली भाकरी. बुधवारी सकाळी तिच्यात एक हिरनामूसा बसलेला होता. तिला पोत्यात गुंडाळून मी पहिली बस पकडली. कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय. मी म्हटलं, सरकारी पुरावा. त्याने पोत्याचं अर्धं तिकीट लावायचं म्हटलं, मग आत काहीतरी हललं तेव्हा राहू द्या म्हणाला.

तर असा तो टेबलावर झोपलेला.

मी साहेबांना हँडबुक उघडायला सांगितलं. वाळवंटी उंदराचं चित्र एका पानावर, चूहेदानी शेजारी. एकेक गोष्ट बघत गेलो. हँडबुकमधला लहान, वाळूच्या रंगाचा, पिवळट करडा. पोट मळकट, पाठीच्या रंगात मिसळून गेलेलं. कान छोटे. नखं लांब आणि काळी, वाळू उकरायला. शेपटी अंगाएवढीच, टोकाला काळा झुबका. वाळूच्या सपाट माळावर मोठ्या वस्त्या करून राहतो, एकेका वस्तीत पाय ठेवायला जागा नाही इतकी बिळं. आणि दिवसा हिंडतो. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून इकडेतिकडे बघतो. त्याला सकाळी सातला धान्य ठेवलं तर तो ते लगेच उचलून आत नेतो. त्या मुलखात ती वेळ अगदी बरोबर आहे.

आमचा थोराड. पाठ तांबूस तपकिरी, पोट पांढरं शुभ्र, आणि दोन रंगांमधली रेघ अशी स्वच्छ की रंगाऱ्याने पट्टी लावून मारावी. डोळे मोठे, रात्रीचे. कान मोठे. शेपटी अंगापेक्षा लांब. झुबका यालाही आहे, आणि सगळा घोटाळा त्या झुबक्याने केला. तळपायांवर केस नाहीत. राहतो बांधात, काटेरी कुंपणाखाली, आमच्या राकड जमिनीत, म्हणजे लाल, हलक्या, खडेमिश्रित मातीत. सूर्य वर असेपर्यंत बाहेर येत नाही.

साहेबांनी फूटपट्टी काढली. जाळीतून शेपटी मोजायचा प्रयत्न केला. दोनदा चुकले, कारण उंदराने कूस बदलली. शेवटी पट्टी खाली ठेवून म्हणाले, "ठीक है. हा तो नाही."

मला वाटलं, झालं.

"म्हणजे उद्याचं रद्द?"

साहेबांनी घंटी वाजवून फाईल मागवली. फाईलची सुतळी सोडून एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्यावर लाल शाईत "परिशिष्ट एक" लिहिलेलं होतं.

तो माझा परचा होता.

गेल्या थंडीत काढलेला. वर ठळक अक्षरांत: बुंदेलखंड वाळवंट होत आहे. खाली: वाळवंटातला उंदीर तुमच्या खेतात आला! त्याच्या खाली चित्र. ते चित्र मी एका जुन्या पुस्तिकेतून घेतलं होतं, कारण छान रेखाटलेलं होतं आणि शाई धरणारं होतं. टहरौलीकडे झुबकेदार शेपटीचे उंदीर वाढलेत असं दोन-तीन गावांत ऐकलं होतं. वाळवंटी उंदराच्या शेपटीला झुबका असतो हे मला माहीत होतं. दोन्ही जोडायला मला एक दुपार लागली होती. एकाही बिळापाशी मी गेले नव्हते.

आणि काकीने तेव्हाच सांगितलं होतं. परचा हातात घेऊन, उलटा-सुलटा करून, चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली होती, बिन्नू, जौ अपनो नईं आय, पोरी, हा आपला नाही. मी तिला समजावलं होतं की काकी, हा नवा आला आहे. अक्षर न वाचणाऱ्या बाईला चित्र वाचता येतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"शिफारस तुमची आहे," साहेब म्हणाले. रागावलेले नव्हते, त्यामुळे जास्त लागलं. "तुमच्याच संस्थेने लिहून दिलं, वाळवंटी उंदीर आलाय, शासनाने लक्ष द्यावं. शासनाने लक्ष दिलं. आता तुम्ही उंदीर घेऊन येता. उंदराला आवक क्रमांक नसतो. लेटरहेडवर लिहून आणा, सही-शिक्का मारून, की परचा चुकीचा होता. पाचच्या आत."

बारा वाजले होते. चूहेदानी घेऊन मी आमच्या ऑफिसात गेले.

शिक्का तिवारीजींकडे असतो. ते आमच्या संस्थेचे प्रमुख. आयुष्य आंदोलनात गेलेलं, दोनदा तुरुंगात राहून आलेले. मला लिहायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, उंदीर पाहिला, आणि नाही म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. बुंदेलखंड सुकतोय हे खोटं आहे का? विहिरी आटल्या हे खोटं आहे का? मग एक उंदीर इकडचा तिकडे झाला म्हणून आपण आपल्याच हाताने "चुकीचं" लिहून द्यायचं? उद्या ते प्रत्येक परच्याला तेच म्हणतील. हा उंदीर चुकीचा होता, तशी ती विहीर चुकीची, तो तलाव चुकीचा. बकऱ्यांसाठी वेगळं निवेदन देऊ. धरणं धरू.

"धरणं कधी धरणार, दादाजी? उद्या सात वाजता विष पडतंय."

"तर 'अपूर्ण माहिती' असं लिही. चुकीचं लिहू नको."

मी सांगितलं, अपूर्ण लिहिलं तर साहेब पूर्ण करून आणा म्हणतील, आणि तोवर गुरुवार उलटेल.  मला तिवारीजींचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा मला खोडता येत नव्हता. त्यांच्या जागी मी हेच बोलले असते. गेली तीन वर्षं मी हेच बोलत आले होते.

मग मी म्हटलं, "बकऱ्या मेल्या तर मी परचा काढीन. कुणाच्या कागदावरून विष पडलं ते त्यात लिहीन. परचा काढायला तुम्हीच शिकवलंत."

  त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का टेबलावर आपटला आणि म्हणाले, "ठळक अक्षरांत तरी लिहू नको."

पत्र साध्या अक्षरांत लिहिलं. चार ओळी. आमचा परचा चुकीचा होता, चित्र दुसऱ्या मुलखातल्या उंदराचं आहे, इथला उंदीर निशाचर आहे, बिळाच्या तोंडाशी सकाळी टाकलेलं धान्य जनावरं खातात. असलं कधीच लिहिलं नव्हतं, त्या चार ओळींना मला दीड तास लागला.

पाचला दहा मिनिटं असताना साहेबांनी नवा आदेश काढला. उघड्यावर विष टाकू नये. पुढची तारीख कळवू. तोवर फक्त जिवंत बिळं मोजावीत, आणि विष द्यायचंच झालं तर सूर्यास्तानंतर, बिळाच्या खोल आत, तोंड मातीने बंद करून. वाचून मला साहेबांना नमस्कार करावासा वाटला. त्यांनी सायकलवाल्यांना फोनही लावला. पलीकडून उत्तर आलं की ठीक आहे, पण लेखी मिळाल्याशिवाय जुना आदेश थांबवता येत नाही.

साहेबांनी मान हलवली. नियम त्यांचाच होता.

टहरौलीकडची शेवटची बस तोवर सुटली होती, म्हणून गुरुवारी मी आदेशाची प्रत आणि चूहेदानी घेऊन पहिल्या बसला बसले. पहिली बस आठला पोचते, विष सातला पडणार होतं. मी काकीच्या शेजाऱ्याच्या फोनवर रात्रीच निरोप ठेवला होता, की माझ्याकडे कागद आहे, मी येईपर्यंत काहीही करून विष थांबव. वाटेत एका रेल्वे फाटकाशी बस बराच वेळ उभी राहिली. मी आदेश इतक्यांदा उघडून वाचला की घडीवर फाटायला आला.

पोचले तर बांधावर गर्दी. सायकलवाल्यांनी सातला सुरुवात केली होती, एका बांधावर धान्य ठेवूनही झालं होतं. दुसऱ्या बांधावर काकी आडवी बसली होती, मांडीवर काठी, आणि म्हणत होती की कागद रस्त्यात आहे, कागद आल्यावर टाका. आणि पहिल्या बांधावर चार बायका हाताला फडकी गुंडाळून, वाकून, बिळाबिळाशी ठेवलेलं काळं धान्य एका टोपल्यात भरत होत्या. हात लागू नये म्हणून प्रत्येकीकडे कागदाचं सुपलीसारखं दुमडलेलं काहीतरी होतं.

ते माझे परचे होते. काकीच्या घरी वाटून उरलेला गठ्ठा पडून होता. जाड कागद, चांगला दुमडतो.

बकऱ्या कुठे, मी विचारलं. काकीने घराकडे बोट दाखवलं. तिने पहाटेच आपल्या अकरा आणि दिसतील तेवढ्या दुसऱ्यांच्या बकऱ्या घरात कोंडून दाराला कडी लावली होती. आतून जो आवाज येत होता तो टहरौलीपर्यंत जात असावा. गाई-बैलांना बायकांनी धोंडे मारून परतवलं होतं.

मी सायकलवाल्यांना आदेश दिला. त्यातल्या एकाने तो पूर्ण वाचला, शिक्का पाहिला आणि म्हणाला, "बस, यही चाहिए था." टोपल्यातलं धान्य आणि सगळे दुमडलेले परचे आम्ही लांब नेऊन खोल खड्ड्यात पुरले. एकही जनावर गेलं नाही. काकीने दार उघडून आपल्या मोजल्या. अकरा.

मग ती माझ्याजवळ आली. "तुमाए परचा," ती म्हणाली, "आज पैली बेर काम आए."

चूहेदानी अजून माझ्या हातात होती. काकीचा आग्रह होता की हा तिच्या खेतापासून लांब सोडावा. भुईमूग तिचा आहे, दया माझी आहे. म्हणून आम्ही पलीकडच्या पडीक राकडावर गेलो आणि एका रिकाम्या बिळाशी दार उघडलं. ऊन चढलं होतं. हिरनामूसा क्षणभर डोळे मिचकावत बसला, मग आत गेला. थोड्या वेळाने आतून माती ढकलली गेली आणि तोंड बंद झालं.

पुढच्या महिन्यात एका कामासाठी कार्यालयात गेले तेव्हा मी साहेबांना विचारलं की ती फाईल बघता येईल का. त्यांनी दाखवली. माझं चार ओळींचं पत्र त्यात व्यवस्थित लावलेलं होतं, लाल शाईत "परिशिष्ट दोन". त्याच्या वर, जागच्या जागी, परिशिष्ट एक. मी म्हटलं, पहिलं आता काढून टाका. साहेब म्हणाले, फाईलला लागलेला कागद निघत नाही, पुढचा अधिकारी दोन्ही वाचेल.

पहिल्यात चित्र आहे आणि ठळक अक्षरं आहेत. दुसऱ्यात चार ओळी. पुढचा अधिकारी काय वाचेल ते मला माहीत आहे. म्हणून दर मे महिन्यात मी एकदा जाऊन पंचायतीची भिंत बघून येते, आणि आता कुठल्याही जनावराचं चित्र छापण्याआधी काकीला दाखवते.